टिपाडाला दिलेलं मत

दोरा दातानं तोडायचा, मान वर करायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, "इचारून राहिले मी, भांडून न्हाई." हे तिचं ठरलेलं होतं. ऐकणाऱ्याला मात्र ती भांडतेय असंच वाटे, कारण तिच्या प्रश्नाला सहसा उत्तर नसे.

उदगीरच्या बाजारात माझं फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे. ती तिथं दोन वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर बसली. बारावी झालेली, एकोणीस वर्षांची, अंगानं काडी. तिचं गाव जीपनं तासाभरावर. गावाबाहेर बौद्ध वस्ती, तिथं ती आणि तिची आई दोघीच राहायच्या. वडील ती लहान असतानाच वारले होते, आई मजुरीला जाई. सकाळी काळी-पिवळीतून उतरताना तिच्या दोन्ही हातांत रिकामे कॅन असत. दुकानामागच्या बोअरवर ती ते भरून ठेवायची आणि संध्याकाळी एक मांडीवर, एक पायाशी घेऊन परत जायची. जीपवाला कुरकुरायचा, "कॅनचं बी तिकीट काढ." ती म्हणायची, "काढते की. मग त्याला नीट बसायला जागा दे. इचारून राहिले, भांडून न्हाई." जीपमधली माणसं हसत. जीपवालाही हसे आणि जीप सुरू करी.

अशी एखादी पोरगी तुमच्याही पाहण्यात आली असेल. बोलायला फटकळ आणि कामाला चोख. पण तिच्यासारखं चुपचाप ऐकणारंही मी कुणी पाहिलं नाही.

त्या वर्षी पाऊस नावालाच पडला होता. संक्रांतीच्या आतच तळ्याच्या बुडाला भेगा पडल्या. पुढे तिच्या गावाला टँकर सुरू झाला. तो गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि सगळं गाव विहिरीवर तुटून पडायचं. मी तिला एकदा विचारलं, "तुम्हाला तिथं कुणी अडवतं का गं?"

ती मशीन न थांबवता म्हणाली, "कुणी अडवत न्हाई ताई. आमची पाळी येती तवा पाणी सपलेलं आसतंय, एवढंच."

अशात लोकसभेची निवडणूक लागली. सगळ्या पक्षांची उपरणी कडा मारायला आमच्याकडेच आली. दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. तिचं हे पहिलंच मत. आईनं तिला बजावलं होतं, "पहिलं मत हाय तुझं. कुनाच्या सांगण्यावर टाकू नको. नीट इचार करून टाक." तिनं ते परीक्षेसारखं मनावर घेतलं. मशीनवर मोबाइल टेकवून ती भाषणं ऐकायची. एका पक्षाच्या उपरण्याला कड मारताना दुसऱ्याचं भाषण चालू असायचं. दुपारच्या सुट्टीत डबा झाकून सभेला जायची आणि परत आली की मला सांगायची, "ह्यो बी सीमेवर गेला. तो बी सीमेवर गेला. विहिरीवर अजून कुनी आला न्हाई."

उपरणी न्यायला पक्षांची माणसं यायची, त्यांनाही ती सोडत नसे. पहिला आला तो सत्तेतला. त्याला तिनं वस्तीवर टँकर का येत नाही, ते विचारलं. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, ही देशाची निवडणूक हाय. पाण्याचं बघायला झेडपी हाय."

"मग झेडपीच्या टायमाला तुमी देशाचं सांगत होता, ते का? इचारून राहिले."

दुसरा आला तो म्हणाला, उदगीर जिल्हा होऊ द्या, मग बघा. नव्या जिल्ह्याची ही गोष्ट आमच्याकडं इतकी जुनी आहे, की स्टँडवरच्या एका हॉटेलवाल्यानं एका निवडणुकीत बोर्डावर 'जि. उदगीर' असं रंगवून घेतलं आणि ते तसंच आहे. आम्हा दुकानदारांना त्या गोष्टीची आस असते, मलाही होती. पण ती म्हणाली, "जिल्हा झाला की कलेक्टर हितं बसल. चांगलं हाय. आमच्या वस्तीपसून कचेरी जवळ यील. पाणी किती जवळ यील?" त्यानं उपरण्यांचा गठ्ठा उचलला आणि मला म्हणाला, "ताई, पोरगी लई हुशार ठेवलीत."

तिसरा तिच्याच समाजातला होता. त्याच्याशी ती नरमाईनं बोलली. तो म्हणाला, "आपल्या माणसाला मत द्यायचं, दुसरा इचार करायचाच न्हाई." ती म्हणाली, "आपला मानूस निवडून यील का दादा?" तो म्हणाला, "या टायमाला न्हाई. पण ताकद दिसंल." तो गेल्यावर ती म्हणाली, "ह्यो खरं बोलला. ह्यालाच द्यावं वाटायलंय."

मला वाटतं, तिचं ठरलं होतं.

मतदानाला आठवडा राहिला असताना दुपारी तिला फोन आला. त्या दिवशी टँकर आला नव्हता. गावच्या विहिरीच्या तळाशी थोडं पाणी झिरपलेलं होतं, ते वाटीनं घागरीत भरून घ्यायला तिची आई पायऱ्यांवरून खाली उतरली आणि घसरली. कड मारता मारता तिनं फोन कानाला लावला, ऐकला आणि उठली. सुई तशीच कापडात राहिली. मी तिच्याबरोबर गेले. खुब्याचं हाड मोडलं होतं. बाजेवर घालून, मग जीपमधून आम्ही त्या माउलीला लातूरच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर आई ओरडली नाही. फक्त विचारत होती, "घागर वर काढली का कुनी?"

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण चालणं कठीण आहे.

तीन दिवसांनी वस्तीवर टँकर आला. त्याच सत्तेतल्या माणसानं पाठवलेला. वस्तीच्या तोंडाशी उभा राहून त्यानं सगळ्यांची टिपाडं, पाण्याची मोठी पिंपं, भरून दिली आणि म्हणाला, "मतदान होऊ द्या, रोज यील. माझा शबूद हाय." संध्याकाळी वस्तीतली जाणती माणसं समाजमंदिरात बसली आणि ठरलं, की सगळ्यांनी एकाच ठिकाणी मत टाकायचं. ती लातूरहून कपडे न्यायला घरी आली होती. तिनं तिथं उभं राहून विचारलं, "मतदानानंतर न्हाई आला तर?" म्हातारा शेजारी म्हणाला, "तुझी माय का पडली, पोरी? अजून कुनाची माय पडू द्यायची का?" ती कपडे घेऊन परत निघाली. हे मला तिनंच नंतर सांगितलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी माझं मत देऊन डबा घेऊन लातूरला गेले. ती गावी जाऊन मतदान करून चार वाजता दवाखान्यात आली. आईनं पडल्या पडल्या विचारलं, "कुनाला टाकलंस?"

"टिपाडाला," ती म्हणाली.

आई म्हणाली, "भरलं का टिपाड?"

"भरलं."

"मग झालं."

ती बाहेर व्हरांड्यात आली, भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "महिनाभर समद्यांना तोलत बसले ताई," ती म्हणाली. "मीच तोलली गेले. एका टिपाडाला." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार होते? माझं मत कुठं मोठ्या विचारानं पडलं होतं? मी जिल्ह्याच्या आशेवर टाकून आले होते.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या माणसाचा फोन लागेना. शेवटी तो बाजारात भेटला आणि म्हणाला, "निकाल लागू दे पोरी, मग बगू." निकालाला महिन्याहून जास्त अवकाश होता. ती कचेरीत गेली, मी सोबत होते. तिथला कारकून वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, आचारसंहिता उठेपर्यंत नवा टँकर मंजूर करायचा तर वरून परवानगी आणावी लागते, कागद पाठवलाय, आला की बघू.

"तवर आमी काय प्यायचं?"

"तू भांडायला आलीस का इथं?"

मी तिच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होते. ती म्हणाली, "हाव. भांडायलाच आले."

पण भांडायला लागणारं बळ तिच्यात उरलं नव्हतं. ती तिथंच फरशीवर बसली. कारकुनानं शिपायाकडून तिला गार पाणी देवविलं. ते ती घटाघटा प्यायली, कारण तिला तहान लागली होती.

हैदराबादला तिचा मामा एका इमारतीवर राखणदार होता. तिथं एक खोली होती आणि नळाला पाणी होतं. टाके निघाल्यावर आईला घेऊन ती तिकडं जायला निघाली. वस्तीतली बरीच घरं त्याच महिन्यात उठली. कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला.

पुढं निकाल लागला. आमच्याकडं गुलाल उधळला गेला. मग वस्तीचा टँकर मंजूर झाल्याचं जीपवाल्यानं मला सांगितलं. तोवर वस्तीत म्हातारी माणसंच राहिली होती. उदगीर अजून तालुक्याचंच गाव आहे. तिचा सुरुवातीला एक फोन आला, शिलाईच्या कारखान्यात लागले म्हणाली. नंतर तो नंबर बंद झाला.

मला ती आठवते ती उदगीर स्टेशनवरची. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती. फलाटावर आईला वाकळेवर निजवलं होतं. गाडी आली तेव्हा मामानं आणलेली माणसं आणि मी वाकळेची टोकं धरून उभे राहिलो. माणसांनी पायांकडून आत घ्यायला सुरुवात केली तशी ती पुढं झाली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पाय आदी नको. डोकं आदी घ्या. जित्ती हाय ती." त्या गर्दीत आम्ही वाकळ पुरी फिरवली. लोक ओरडत होते, शिट्टी झाली होती.

दोन बाकांच्या मधल्या जागेत आईला ठेवलं. गाडी हलली. मी खिडकीबरोबर थोडी चालले, वाटलं, ती बाहेर बघेल, हात तरी करेल. पण आईचा पाय हलू नये म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तिची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती, मग डबाच पुढं निघून गेला.