मामांचा क्वाचा

मलावी या देशाच्या चलनाची जेवढी काळजी माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी वाहिली, तेवढी त्या देशाच्या अर्थमंत्र्यानेसुद्धा वाहिली नसेल, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. मलावी आफ्रिकेत आहे, त्याला समुद्र नाही आणि तिथल्या पैशाला क्वाचा म्हणतात, एवढं आज निपाणीत मामांच्या गल्लीतल्या न्हाव्यालाही पाठ आहे. मामी वारल्यावर वर्षभरातच मामांची एकुलती एक मुलगी नवऱ्याबरोबर तिकडे गेली. जावई साखर कारखान्यात केमिस्ट, मुलगी तिथल्या शाळेत शिकवते. तिने विमान पकडलं त्या दिवसापासून मामांनी तो देशच दत्तक घेतला.

मामांचा जन्म तंबाखूच्या दलालीत गेला. पान हातात घेऊन चुरडायचं, नाकाशी धरायचं आणि मग बोलायचं, ही सवय त्यांना इतकी जडली की ते कशाचाही वास घेतल्याशिवाय मत देत नाहीत. लग्नपत्रिका आली तरी आधी हुंगतात. माझं स्थळ बघायला आले होते तेव्हा माझ्याही जवळ सरकून त्यांनी हळूच श्वास ओढला होता आणि "चालंल" म्हणाले होते. दुसरी सवय टॉवेलची. सौदा करताना समोरच्याचा हात टॉवेलाखाली धरायचा आणि तोंडाने अवाक्षर न काढता बोटं दाबून भाव सांगायचा, ही जुनी रीत. मामा तिच्या आधारे भाजीसुद्धा घेत. आणि तिसरी, सगळ्यांत पक्की सवय म्हणजे थांबणं. मनासारखा दर आल्याशिवाय त्यांनी कधी माल हलू दिला नाही. "थांबायचं असतंय, पाव्हणं," ते मला सांगत, "दर आपल्या दारात चालत येतोय."

रोज सकाळी चहाच्या आधी ते मोबाइलवर क्वाचाचा भाव बघत आणि तो कळवायला मला बेळगावला फोन करत. मला त्या भावाचं काही करायचं नसे; पण माझा नाइलाज होता, कारण फोन बायकोच्या मामांचा होता. एका रुपयाला वीसेक क्वाचा मिळतात हे कळल्यावर त्यांना आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटलं होतं. त्या देशाचं सगळं गणित त्यांनी निपाणीवर बसवलं होतं. तिथेही मुख्य पीक तंबाखू, मग थोडा चहा, थोडी साखर. तंबाखूचे लिलाव सुरू झाले की डॉलर येतात, क्वाचा जरा ताठ उभा राहतो. मोसम सरला की पेट्रोल आणि खत बाहेरून आणायला डॉलर उरत नाहीत आणि तो पुन्हा बसतो. "आपल्याकडं न्हाय का," मामा म्हणत, "तंबाखू इकली की सोनाराच्या दुकानात पाय ठेवाया जागा नसती, आन दिवाळीनंतर त्योच सोनार माश्या मारतोय." मुलीने एकदा सांगितलं की क्वाचा म्हणजे त्यांच्या भाषेत 'उजाडलं'. त्यावर मामा म्हणाले, "नाव उजाडलं, आन रोज मावळतंय."

हे सगळं ऐकायला गमतीचं होतं, पण त्यात एक अडचण होती. मुलीला तिकडेच मुलगी झाली आणि ती मामांना बोलावू लागली. मामांची पासपोर्टसकट सगळी तयारी होती. फक्त दर मनासारखा आला नव्हता. क्वाचा रोज पडतोय, म्हणजे जितकं थांबावं तितके आपल्या रुपयाला जास्त क्वाचा मिळणार, मग आत्ताच जाऊन नुकसान का करून घ्यायचं, असा त्यांचा हिशेब होता. क्वाचा पडला की तिकडची महागाई चढते आणि विमानाचं तिकीट काही स्वस्त होत नाही, हे मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. तंबाखूतलं तुम्हाला काय कळतंय, असं म्हणून ते मला गप्प करत. एकदा क्वाचा एका फटक्यात बराच खाली आला तेव्हा त्यांनी माझ्याकडून बेळगावचा कुंदा मागवून गल्लीत वाटला. अशाने नात चार वर्षांची झाली.

त्या कुंद्याचं पुढे काय झालं ते मी निपाणीत मामांच्या घरी बसून ऐकलं. मुलीचा फोन आला होता, आवाज मोठा ठेवला होता आणि मामा कौतुकाने तिला कुंद्याची हकिकत सांगत होते. ती म्हणाली, "आप्पा, आमचा पगार क्वाचातच येतोय. तिकिटाला डॉलर लागत्यात. दर साली आमी गावाकडं यायचं ठरवतोय, पैसं जमत आलं की क्वाचा पडतोय. तुमी कुंदा वाटला ते आमचंच तिकीट गेलं बघा." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मामांनी फोन ठेवला आणि टॉवेलाने तोंड पुसत बसून राहिले.

पुढच्याच आठवड्यात ते डॉलर घ्यायला बेळगावात हजर. इथे क्वाचा मिळत नाही, डॉलर न्यायचे. नोटा नव्या, बिनघडीच्या, शाईचा ठिपकाही नसलेल्या. तिथे रस्त्यावरच्या माणसाकडे नाही तर बँकेत, लागतील तशा थोड्या थोड्या बदलायच्या, कारण उरलेला क्वाचा परत कुणी घेत नाही. कार्डावर भिस्त ठेवायची नाही. मुलीने हे सगळं पढवलेलं होतं. चलन बदलून देणाऱ्या दुकानात मामांनी काउंटरवरच्या तरुणाला कन्नडमध्ये "रेट एष्टु?", भाव किती, असं विचारलं आणि हातावर टॉवेल टाकून हात पुढे केला. म्हातारा शेकहँड मागतोय असं समजून त्या भल्या माणसाने पाचही बोटं धरून मनापासून हात हलवला. मामा खूश. "पाच पैसे सोडलं त्यानं," मला म्हणाले. सौदा पटल्यावर आता माघार कशी, म्हणून ते अडून बसले. आतून साहेब आला, तो निपाणीजवळच्या सदलग्याचा निघाला. त्याने हसत हसत पाच पैसे खरंच सोडले. मामांनी प्रत्येक नोट हुंगली आणि घडी पडू नये म्हणून स्वतःच्या गुडघ्याच्या एक्स-रेच्या पाकिटात घातली. त्या पाकिटासकट मामा आफ्रिकेला गेले.

महिन्याने परतल्यावर मी भेटायला गेलो. क्वाचाचं काय म्हणून विचारलं, तर बघितला नाही म्हणाले. मग आपणच सांगू लागले. "नात दाराआडनं बघत हुती. तिची आय म्हणली, आगं, आजोबा आल्यात. तर म्हणती कशी, आजोबा फोनमदी असत्यात." मामा हसले, पण ते हसू टिकलं नाही. "मांडीवर येऊन बसाया लागली तवा माझं निघायचं दिवस आलतं. लई थांबलो, पाव्हणं."

मामांची थट्टा करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण त्या दिवशी मी उठून आम्हा दोघांसाठी चहा टाकला. मला ते फार आवडतात, हेही त्यांना कधी सांगितलेलं नाही. आता फोन आला की नात आधी हाच प्रश्न करते, आजोबा, तुम्ही परत फोनमधून बाहेर कधी येणार? मामा पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत, डॉक्टर लांबच्या प्रवासाला नको म्हणतात. "येतो गं बाय," ते म्हणतात, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही मोबाइल तसाच समोर धरून बसतात.