एलीला सांभाळण्याचे पैसे

स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकच्या एका जुन्या इमारतीत आयझा लॅफर्टीने शेजारच्या पोरांच्या दोन पिढ्यांची नाकं पुसली होती. नवरा गोदीत कामाला होता तेव्हाही, आणि तो गेल्यावरही. कुणी पैसे पुढे केले, की ती सरळ दार लावून घ्यायची. शेजाऱ्याचं मूल सांभाळून वर हात पसरायचा, हे तिच्या आईने तिला शिकवलं नव्हतं. लोक तिला मोठ्या मनाची म्हणत. तशी ती होतीही, पण त्याहून जास्त हट्टी होती.

वरच्या मजल्यावरच्या मोइराला कोर्टाकडून ज्युरीत बसायचं बोलावणं आलं. खटला दोन आठवडे चालणार होता आणि नाही म्हणायची सोय नव्हती. तिची चार वर्षांची एली एरवी दुपारपासून आयझाकडेच असायची. आता सकाळपासून ठेवावी लागणार होती. मूल सांभाळण्याचा खर्च कोर्ट देतं असं कळताच मोइरा अर्ज घेऊन खाली आली.

"आयझामावशी, दिवसाचे किती घेणार ते लिही आणि खाली सही कर."

"काही घेणार नाही."

"अगं, माझ्या खिशातून नाही, कोर्ट देतंय!"

"राजा देईना का! मी काय पगारी आया आहे?"

"दिवसभर पोर तुझ्या गळ्यात मारायची, तीही फुकट? मला नाही जमणार."

"मग नको मारूस!"

मोइराही त्याच इमारतीत वाढलेली. उपकार तिलाही पचत नसत. तिने टेकडीवरच्या एका पाळणाघरवाल्या बाईकडे एलीची सोय केली. सोमवारी जाताना एलीने आयझाचं दार वाजवलं, पण आयझा बाहेर आली नाही. दुपारी तिने सवयीने दोघींपुरता खिमा-बटाटा केला. तो तिला एकटीला दोन वेळा खावा लागला. घर तिला खायला उठलं होतं, आणि चूक आपलीच आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बुधवारी संध्याकाळी ती गुडघे धरत जिने चढली.

"ती टेकडीवरची बाई किती घेते गं?"

मोइराने आकडा सांगितला.

"बाई आहे की दरोडेखोर!" आयझाला धाप लागली होती. "माझेही तेवढेच लिही. सही कुठे करायची?"

मोइराने अर्ज आणि पेन पुढे केलं. आयझाने उभ्या उभ्या सही केली. तेवढ्यात आतून एलीची हाक आली, तशी तिने घाईने पेन परत दिलं.

"मी पैसे घेते," ती हळूच म्हणाली, "हे पोरीला मात्र सांगू नकोस."