थोरल्याच्या मरणाचा दाखला

माझा थोरला भाऊ मेला हे सरकारच्या गळी उतरवायला आम्हाला आख्खा उन्हाळा लागला. तो जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. त्याच्या तेरवीचं जेवण जेवलेली माणसंही अर्धी निघून गेली होती.

झालं असं, की तलाठ्यानं गावात सांगितलं, सातबाऱ्यावर जी मेलेली माणसं आहेत त्यांची नावं काढून वारसांची लावून देणार, कागद घेऊन या. त्याच दिवशी आमची वहिनी, थोरल्याची बायको, माझ्या ओट्यावर येऊन बसली. ऐंशीला टेकली आहे, पण निंदायला उतरली की अजून बायांच्या पुढची पात तिचीच.

"भाऊजी," ती म्हणाली, "माह्यं नाव त्या वावरावर लावून द्या. पोराइचं लागते तं लागू द्या. पन मले मराच्या आंधी एक डाव माह्या नावाच्या वावरात उभं राहून पाह्याचं हाय."

मागणं खोटं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ते वावर तिच्याच हातचं. पऱ्हाटीचा कापूस तिनं वेचला, तुरी तिनं सोंगल्या, सोयाबीन आलं तेही तिनंच शिकून घेतलं. थोरला धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून बिडी ओढायचा आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव होतं.

हे काम माझ्याकडे आलं कारण घरात शिकलेला म्हातारा मीच. चौथी. आताची नाही, तेव्हाची. वहिनी त्याला साडेतीन म्हणते, कारण परीक्षेच्या दिवशी मी आर्णीच्या बाजारात बैल पाहायला गेलो होतो. बैल चांगला होता, हे ती कधी सांगत नाही.

तलाठ्याकडे गेलो. त्यानं विचारलं, "मृत्यूचा दाखला?"

"दाखला कायले पाह्यजे? मी सोता खांदा देल्ला."

"काका, खांद्याची नोंद नसते."

वहिनी मागं उभी होती. पदराआड हसली, ते मला न पाहता कळलं.

वाचणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. माणूस जिथं मरतो तिथंच त्याच्या मरणाची नोंद होते. तो कुठला राहणारा, त्याचं वावर कुठं, हे कोणी पाहत नाही. यवतमाळच्या दवाखान्यात गेला तर नोंद यवतमाळात शोधावी. आमचा थोरला घरच्या अंगणात, बाजेवर, चहाचा कप हातात घेऊन गेला, म्हणून आम्हाला आमचीच ग्रामपंचायत होती. हे मला ग्रामसेविकेनं सांगितलं. मी म्हटलं, मला माहीतच होतं.

ग्रामसेविका चांगली बाई होती. तिनं साल विचारलं.

"ज्या साली गारा पडल्या, त्याच्या मागचं."

"काका, गारा किती वेळा पडल्या!"

"त्या बोराएवढ्या होत्या. ह्या लिंबाएवढ्या."

बाईनं पेन खाली ठेवलं. तेव्हा दारातून वहिनी म्हणाली, "धाकट्या नातीचं बारसं झालं अन् थोड्या दिसानं हे गेले." बाईनं नातीचा जन्म काढला, त्यावरून साल धरलं, आणि त्या सालचं मृत्यूचं रजिस्टर कपाटातून ओढलं. गारांपेक्षा हे सोपं गेलं हे मी मान्य करतो.

रजिस्टरमध्ये थोरल्याचं नाव नव्हतं. मागच्या सालात पाहिलं, पुढच्या सालात पाहिलं. बाई म्हणाली, "असं आहे काका, नोंद सापडत नाही असा कागद मी देऊ शकते. मग तो घेऊन तहसीलला जायचं, उशिरा नोंद करायचा अर्ज करायचा, साक्षीपुरावे द्यायचे, वरच्या साहेबांचा आदेश आणायचा. वेळ लागेल."

वहिनीनं विचारलं, "किती येळ?"

बाई रजिस्टरची पानं सारखी करू लागली. ऐंशीच्या बाईला किती वेळ ते सांगणं तिलाही जड गेलं असावं.

मला राग आला. म्हटलं, तुम्ही नीट वाचलं नाही, मी वाचतो. बाईनं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मी चष्मा पुसला आणि मोठ्यानं, बोट ठेवून एकेक नाव वाचत गेलो. सगळी ओळखीची माणसं. अमका पोहताना गेलेला, तमकी बाळंतपणात गेलेली. वाचता वाचता एका ओळीवर थांबलो आणि हसू आलं.

"हे कोन हो? मास्तर जमादार! धंदा शेती. ह्या नावाचा मानूस आपल्या गावात झालाच नाही. मी चार पिढ्या सांगतो तुम्हाले. कोनी वीटभट्टीवरचा अशीन. कोनाच्याही नोंदी करून राह्यले तुम्ही!"

"तेच तं हे," दारातून वहिनी म्हणाली.

"कोन हे?"

"आपले."

मी बोट तसंच ठेवून ती ओळ पुन्हा वाचली. मग हळूहळू उजेड पडला. थोरला सातवी झालेला. गावातल्या बायांना माहेरची पत्रं वाचून द्यायचा, म्हणून बाया त्याला मास्तर म्हणत. आमचा बाप जंगलाच्या कुपावर, लाकूडतोडीला, माणसं कामाला लावायचा, त्याला बाया जमादार म्हणत. आम्ही पुरुष थोरल्याला नावानं ओळखायचो, मी दादा म्हणायचो. बायांचा मास्तर माझ्या ध्यानातच नव्हता.

"तुम्ही सारे मानसं राख शिरवाले नदीवर गेलते," वहिनी सांगू लागली. "तवाचा तो नवा ग्रामसेवक आला घरी. कोन गेलं म्हने, नाव सांगा. घरात मी अन् सुना. आता मी कसं सांगू? सुना तं सासऱ्याचं सांगूच शकत नाही. मी म्हटलं मास्तर. तो म्हने बापाचं नाव? मी म्हटलं जमादार. तो गेला लिहून."

"अन् हे तुम्ही आता सांगता?"

"तुम्ही इचारलं कवा? तुम्ही तं वाचून राह्यले होते."

ग्रामसेविकेनं तोंडावर हात धरला होता. मग ती सावरली. वय जुळत होतं, गाव जुळत होतं, तारीख नातीच्या बारशाला लागून होती. म्हणजे नोंद होती, वरच्या आदेशाची गरज उरली नाही. तिनं सांगितलं, आर्णीला तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्र करा की मास्तर जमादार आणि तुमचे पती हे एकच. गावातल्या दोघांच्या सह्या आणा, जुना काही कागद असेल तर जोडा. मी दुरुस्ती घालून दाखला देते.

"पण आजी," ती म्हणाली, "तिथं साहेब तुम्हालाच नाव विचारतील. तुमच्या तोंडून."

वहिनीही हसत होती, ती तिथंच थांबली.

आर्णीला आम्ही बसनं गेलो. रस्ताभर तिनं बाहेरची वावरं पाहिली. तहसीलात अर्ज लिहून देणाऱ्याकडून कागद करून घेतला आणि साहेबासमोर उभे राहिलो. साहेब पोरसवदा होता, पण नीट बोलणारा.

"आजी, तुमच्या पतीचं पूर्ण नाव सांगा."

वहिनीनं माझ्याकडे बोट केलं. "यायले इचारा."

"त्यांना नाही, तुम्हाला विचारतोय. शपथ तुमची आहे."

"कागदावर लिहेल हाय ना बाप्पा. वाचून घ्या."

"कागद मी वाचला. तुम्ही वाचला का?"

"मले कुठी येते?"

"म्हणून तर बोला म्हणतो."

बाजूचा कारकून म्हणाला, "आजी, उखाण्यात घ्या." वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा फायलीत शिरला. मग ती वळली आणि सरळ बाहेर चालू लागली. साहेब मला म्हणाला, जेवणाच्या सुट्टीआधी या, नाहीतर पुढची तारीख.

आवारातल्या कडुनिंबाखाली ती बसली होती. चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, म्हणजे मुक्कामाची तयारी.

"जाऊ द्या ते वावर," ती म्हणाली. "नाही लागलं तं नाही लागलं."

माझा स्वभाव हेकट आहे असं लोक म्हणतात. त्या दिवशी मला माझ्यापेक्षा हेकट माणूस भेटलं. मी समोर उकिडवा बसलो.

"वहिनी, नाव घेतलं तं काय होते?"

"नवऱ्याचं आयुष्य कमी होते. माहीत नाही का तुम्हाले?"

"मंग आता कमी व्हाले काय राह्यलं?"

तिनं पदर तोंडाला लावला. मग तिचं अंग हलायला लागलं. मला वाटलं रडते. पण ती हसत होती. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाजूला चहा पिणारी माणसं वळून पाहू लागली.

"साडेतीन शिकले तरी अक्कल हाय तुम्हाले," ती म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या. "चाला."

साहेबासमोर तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, डोळे मिटले आणि नाव घेतलं. थोरल्याचं, आमच्या बापाचं, आणि आडनाव. धुऱ्यावरून पलीकडच्या वावरातल्या माणसाला हाक मारावी तसं. फायलीत शिरलेल्या कारकुनानंही मान वर केली.

"आजी, हळू बोललं तरी चालेल," साहेब म्हणाला.

"आयकू नाही आलं तं दुसऱ्यांदा म्हना म्हनसान. म्हून एकाच डावात घेतलं."

अंगठा लावून बाहेर आली. बसमध्ये खिडकीजवळ बसली आणि म्हणाली, "हलकंच हाय हो नाव. मी समजे का तोंडात धोंडा येईन."

दाखला आला, फेरफार झाला. मृगाच्या आधी सातबारा हातात पडला आणि तिनं मला वावरात नेलं. घरी वाचू दिला नाही. धुऱ्यावर उभी राहून म्हणाली, आता वाचा. मी तिचं नाव वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा वाचलं. मग विचारलं, "अन् त्याइचं?"

"कंसात गेलं. म्हंजे हाय, पन आता मालक नाही."

"असू द्या कंसात," ती म्हणाली. "सावलीत बसाची सवयच व्हती त्याइले." आणि वाकून एक काडी उचलून धुऱ्याबाहेर फेकली, मालकिणीसारखी.

त्याचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. थोरल्याचं नाव धाकट्यानं घेऊ नये. तिनं एकदा घेतलं आणि काम झालं.

मला मात्र आता माझी काळजी लागली आहे. परवा मी बायकोला समोर बसवलं आणि म्हटलं, माझं नाव घेऊन दाखव, सवय असू दे, नाहीतर रजिस्टरात काय जाईल कोणास ठाऊक. ती मान खाली घालून बसली. वहिनी आली होती, ती शिकवायला लागली. "घे व बाई, काही होत नाही. पयल्या डावाले जड जाते."

"तुम्हाले काय जाते बाई," माझी बायको म्हणाली, "तुमचे गेले. हे हायेत ना अजून." आणि चूल पेटवायला उठून गेली.