मामाजींचं कोष्टक

मला बघायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "बी. ए. ला तत्त्वज्ञान काहून घेतलं?"

मी खरं तेच सांगितलं. "मराठी वाङ्मयाच्या जागा भरल्या होत्या."

ते इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा सतरंजीवर सांडला. माझी आई घाबरली. पण परत जाताना त्यांनी दारातच माझ्या वडिलांना होकार सांगून टाकला. मुलाला विचारलंही नसेल बहुतेक. मुलगा, म्हणजे माझे यजमान, बाहेर मोटरसायकलचा प्लग साफ करत उभे होते.

उमरखेडला आमचं घर बसस्टँडपासून दहा मिनिटांच्या अंतरावर. सासूबाई माझ्या लग्नाआधी दोन वर्षं गेल्या होत्या. घरात माणसं तीनच. हे सकाळी शेतात जायचे ते दुपारी जेवायला यायचे आणि पुन्हा जायचे. सासरे हायस्कूलात गणित शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांना मामाजी म्हणत असे. लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी त्यांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं, कपाटातून सात रजिस्टरं काढली आणि बसायच्या लाकडी तख्तपोसावर एक घडी घातलेला मोठा कागद पसरला. आलेखाचे चार कागद खळीनं चिकटवून केलेला. त्यावर पट्टीनं आखलेलं एक कोष्टक होतं.

"हे माहं काम," ते म्हणाले. "चौदा वर्षांपासून करून राह्यलो. या घरात कोणी वाचलं नाही. तू तत्त्वज्ञान शिकली, तर तू वाच. चुकी दिसली तर सांग."

मी परीक्षेपुरतं शिकले होते, हे सांगायचा धीर मला झाला नाही.

त्यांचं म्हणणं असं होतं. जगात जे जे आहे त्याच्या असण्याचे चार धर्म आहेत: टिकणं, बदलणं, सीमा असणं आणि दुसऱ्याशी संबंध असणं. आणि माणसाच्या मनाची सहा कामं आहेत: जाणणं, आठवणं, इच्छा करणं, वाटणं, ठरवणं आणि कल्पना करणं. चार धर्म आडवे, सहा कामं उभी. जिथे एक धर्म आणि एक काम भेटतात तिथे एक रकाना, आणि त्या रकान्यात माणसाचा एक गुण. असे चोवीस रकाने. टिकणं आणि आठवणं जिथे भेटतं तिथे निष्ठा. तीच कमी पडली तर विसर, जास्त झाली तर वैर. बदलणं आणि कल्पना भेटते तिथे आशा. सीमा आणि इच्छा भेटते तिथे समाधान. कमी पडलं तर हाव, फार झालं तर माणूस कशातच लक्ष घालत नाही. प्रत्येक रकान्याला रजिस्टरात तीन-चार पानं दिलेली, आणि ती सगळी भूमितीच्या वहीसारखी. आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. पहिल्या पानावर लाल शाईत नियम होता: माणसाच्या मनात जे काही येतं त्याला या कोष्टकात एक जागा आहे, आणि एकच जागा आहे.

सुरुवातीला मला ते सगळं एका रिकाम्या माणसाचा छंद वाटला. पण भांडी आवरून झाली की मी जाऊन बसायची. मला वाद घालायला आवडू लागलं. एकदा मी विचारलं, "मामाजी, कंटाळा कुठं आहे?" त्यांना तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर ते हातात दात घासायचा ब्रश घेऊन तसेच बाहेर आले. "बदलणं आणि इच्छा! कमी पडली की कंटाळा! सापडला!" शेजारच्या बाई भिंतीवरून बघत राहिल्या.

हे आमच्याकडे बघून मान हलवायचे. "घरात एक येडं कमी होतं, आता दोन झाले," असं म्हणायचे, पण रागानं नाही. पुसदला गेले की वडिलांसाठी आलेखाचे कागद न विसरता आणायचे.

सीमा आणि आठवण यांच्या रकान्यात 'शोक' लिहिलेलं होतं. बाकी रकान्यांतला मजकूर निळ्या शाईत आणि नीटनेटका. रजिस्टरातल्या या रकान्याच्या पानावर मात्र खाडाखोड होती. सासूबाई गेल्या त्या वर्षी ते लिहिलं होतं. व्याख्या अशी: 'जे होते आणि संपले, त्याची मनाने राखलेली आठवण म्हणजे शोक.' कमी पडला तर कोडगेपणा, जास्त झाला तर विलाप. तेव्हा मी ते पान वाचलं आणि मान डोलावली. मला ते बरोबरच वाटलं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. सातव्या महिन्यात एका सकाळी पोटातली हालचाल कमी वाटली, दुपारपर्यंत थांबली. हे शेतातून धावत आले. ओळखीच्यांची जीप घेऊन ह्यांनी आणि मामाजींनी मला पुसदला नेलं. पुढचं मला तुटक आठवतं: दवाखान्यातला हिरवा पडदा, कोणीतरी हातावर सुई लावताना "झोप बाई, झोप" म्हणालेलं. जाग आली तेव्हा आई उशाशी होती. तिचा चेहरा पाहूनच कळलं. मी विचारलं, "कुठं आहे?" ती म्हणाली, "नेलं त्यायनं. पाहू नये अशा वेळी. पाहिलं की जीव गुंतते."

मुलगा होता की मुलगी, हेही मी त्या वेळी विचारलं नाही. नंतर विचारायची सोय राहिली नाही. घरी आल्यावर त्या विषयावर कोणी बोलतच नव्हतं. हे दोन-दोन तास उशिरा घरी यायला लागले. जेवताना ताटाकडे बघायचे. मी भाजी वाढली की "पुरे" म्हणायचे, तेवढाच शब्द. मामाजींनी रजिस्टरं कपाटात ठेवून दिली होती.

दोन महिने गेले. मी घरातली सगळी कामं करत होते आणि मला काहीच होत नव्हतं. रडूही येत नव्हतं. फक्त कधीकधी पोळ्या लाटताना हात थांबायचा आणि तव्यावरची पोळी जळून धूर व्हायचा. एका दुपारी मी स्वतःच कपाट उघडलं, रजिस्टर काढलं आणि ते खाडाखोडीचं पान मामाजींच्या पुढ्यात ठेवलं.

"मामाजी, हे चुकलं आहे."

त्यांनी चष्मा लावला. पान पाहिल्यावर लगेच काढला.

मी म्हणाले, "तुम्ही लिहिलं, आठवण म्हणजे शोक. माझ्याजवळ आठवण कुठं आहे? मी त्याले पाह्यलंच नाही. आवाज नाही, तोंड नाही, काहीच नाही. मग हे जे मले होऊन राह्यलं, हे कोणत्या रकान्यात बसते?"

त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. मग म्हणाले, "मले पाहू दे."

त्यानंतर ते जवळजवळ महिनाभर बसत होते. सकाळी अंघोळ झाली की तख्तपोसावर. जेवायला बोलावलं तरी चटकन उठायचे नाहीत. शोक 'संबंध' आणि 'कल्पना' यांच्या रकान्यात हलवून पाहिला, पण तिथे आधीच माया होती. नियमाप्रमाणे एका रकान्यात एकच गुण. मायेला हलवलं तर आणखी तीन रकाने विस्कटायचे. मधेच मला हाक मारायचे, "कल्पना म्हटलं तर चालते का? जे झालं असतं, त्याची कल्पना?" मी म्हणायची, "नाही मामाजी. कल्पना मी ठरवली तर थांबते. हे थांबत नाही." ते मान हलवून पुन्हा कागदाकडे वळायचे. त्यांना त्रास होतोय हे मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. माझ्या दुःखावर घरातलं एक माणूस तरी काही करत होतं.

मग एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. कागदाची घडी घातलेली होती. पेनाला टोपण लावलेलं होतं.

"बस," ते म्हणाले. "नाही जमत. माह्यानं नाही जमत. पण आठवण नाही म्हणतेस ते अर्धं खरं आहे. तुह्याजवळ नाही. माह्याजवळ आहे."

मला समजलं नाही.

"मुलगी होती," ते म्हणाले. "डोक्यावर केस होते, काळे, भरपूर. डावा कान वरून थोडा दुमडलेला. तुह्या नवऱ्याचा आहे ना, तसाच. नखं होती, एवढी एवढी. दवाखान्यातल्या बाईनं कपड्यात गुंडाळून आणलं तर यानं हात पुढं केला नाही. त्याच्यानं झालंच नाही. मग मी घेतलं. जीपमधे तो पुढं बसला, मी मागं. पुसदहून इथवर माह्या मांडीवर होती. रस्त्यानं खड्डा आला की मी वरून हात धरत होतो. धक्का लागू नये म्हणून." ते थांबले. "धक्का कोणाले लागणार होता? पण मी धरत होतो."

मी रडले. ते माझ्या पाठीवर हात ठेवायला आले नाहीत. आमच्याकडे सासरा सुनेला हात लावत नाही. उठून आत गेले, माठातून पाणी भरून आणलं आणि पेला माझ्यासमोर फरशीवर ठेवून तिथेच बसून राहिले.

त्या पानाखाली त्यांनी नंतर लिहिलेलं मी पाहिलं: 'साध्य होत नाही.' पहिल्या पानावरचा लाल नियम मात्र खोडला नव्हता. तो का ठेवला हे मी विचारलं नाही. पुढे पुन्हा आम्ही दुपारी बसू लागलो, पण पूर्वीसारखा वाद होत नसे. मी फार हरकती घेत नसे आणि ते फार खूश होत नसत. मला पुन्हा मूल झालं नाही.

चार वर्षांनी मामाजींना लकवा मारला. अंघोळीला गेलेले बराच वेळ बाहेर आले नाहीत म्हणून ह्यांनी दार ढकललं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला: 'पण'. पाणी हवं असलं तरी 'पण', नको असलं तरी 'पण', मला बोलवायचं असलं तरी 'पण, पण.' आवाजातल्या फरकावरून ओळखायचं.

दवाखान्यात सांगितलं, पाणी, जेवण, दुखणं अशा चित्रांचा एक तक्ता करा, बोटानं दाखवतील. ते ऐकून घरी आल्यावर ह्यांनी मला म्हटलं, "चित्र कायले? बाबाचं कोष्टक आहे ना. त्याच्यात सगळंच आहे म्हणत होते ते. तेच दे त्यायले."

हे किती आशेनं म्हणाले. बापाच्या त्या कागदाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही किंमत दिली होती. मी कागद आणून मामाजींच्या पलंगावर पसरला. त्यांनी डावा हात पुढे केला. बोट कागदावर फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. 'आशा' वर आलं. मी विचारलं, "बरं वाटून राह्यलं का?" त्यांनी जोरानं मान हलवली, नाही. बोट 'समाधान' वर गेलं. तेही नाही. मग ते कागदाकडे असे बघू लागले, जसं एखाद्या परक्या लिपीकडे बघावं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना अक्षरंच लागत नव्हती. स्वतःच्या हातानं लिहिलेली. "पण," ते म्हणाले, "पण, पण," आणि डाव्या मुठीनं त्या कागदावर मारायला लागले. हे पुढे झाले आणि त्यांनी वडिलांची मूठ दोन्ही हातांत धरून ठेवली. त्यांना काय सांगायचं होतं ते कळायला आम्हाला अर्धा तास लागला. पाय पलंगाच्या पट्टीवर दुखत होता.

त्यानंतर आम्ही चित्रांचाच तक्ता केला. अकरा महिने सगळं ह्यांनीच केलं. अंघोळ, दाढी, कूस बदलणं. जे माणूस आपल्या लेकराला हातात घेऊ शकलं नव्हतं त्यानं बापाला रोज उचललं. मी दारात उभी राहून बघायची आणि माझा त्यांच्यावरचा एक जुना राग हळूहळू कधी गेला ते मला सांगता येणार नाही. तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या त्या दिवसांत, एका सकाळी चहा पाजताना मामाजी गेले. चहा ओठावरून ओघळला तेव्हा ह्यांना वाटलं ठसका लागला, म्हणून ते पाठ चोळत राहिले.

तेरावं झाल्यावर मी रजिस्टरांच्या झेरॉक्स काढून एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना पाठवल्या. त्यांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं: परिश्रम दिसतात, पण हे शास्त्र म्हणून मांडता येणार नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात हे एक दिवस दुपारी जेवून शेतात गेले नाहीत. म्हणाले, "ते पहिलं रजिस्टर काढ. वाचून दाखव मले."

मी वाचू लागले. दोन पानं झाल्यावर थांबवलं. "बाबानं हे मले काहून नाही सांगितलं कधी?"

"तुम्ही विचारलं का कधी?"

त्यांनी वाकून पानावरचं वडिलांचं अक्षर पाहिलं. मग म्हणाले, "वाच."

तेव्हापासून कधीतरी दुपारी आम्ही वाचतो. फार पुढे जात नाही. त्यांना प्रत्येक ओळीवर थांबायचं असतं. परवा त्यांनी शंका काढली. "टिकणं आणि बदलणं हे दोन वेगळे धर्म कसे? आपलंच वावर पाह्य. दरसाल बदलते, तरी तेच वावर आहे ना. जे बदलते तेही टिकतेच की."

मी त्या ओळीच्या पुढची-मागची पानं चाळली. मामाजींनी याचा विचार केला असणार, पण तो कुठे लिहिलेला मला सापडला नाही.

"माहीत नाही मले," मी म्हणाले.

"मंग कोणाले विचारावं?" ते म्हणाले. उत्तराची वाट न बघता उठले, टोपी घातली आणि शेतात निघून गेले.