खास मुलांसाठी

केवळराम तिरोड्याच्या वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे मजुरी करायचा. २०१३ च्या उन्हाळ्यात त्याच्या आठ वर्षांच्या समीक्षाचे डोळे सकाळी सुजू लागले, मग पायही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात मूत्रपिंडाचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मीठ अगदी कमी. लोणचं, पापड, फरसाण बंद."

त्या दिवसापासून बायको नंदाबाई अळणी रांधू लागली. पोर एकटी पडू नये म्हणून तीही तेच जेवायची.

दर महिन्याला केवळराम समीक्षाला रेल्वेनं नागपूरला न्यायचा. रक्त काढताना ती हूं की चूं करायची नाही. बाहेर आली की मात्र समोरच्या काचेच्या हॉटेलाकडे बघत उभी राहायची. तसली हॉटेलं म्हणे प्रत्येक मोठ्या शहरात होती, सगळी एकसारखी. एकदा त्याला राहवलं नाही. आत फळ्यावर 'खास मुलांसाठी' म्हणून चित्र होतं: छोटा बर्गर, बटाट्याच्या तळलेल्या काड्या, थंड पेय आणि एक खेळणं.

"बिमार लेकराले चालते का?" त्यानं विचारलं.

"बच्चों के लिए ही है, अंकल," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

घरी चार घास खाणाऱ्या पोरीनं सगळं खोकं रिकामं केलं. "बाबा, आईले सांगू नोको," ती म्हणाली. मग दर खेपेला तिथं जाणं ठरूनच गेलं.

सात-आठ महिने झाले तरी सूज हटेना. आहार सांगणाऱ्या मॅडमनी रोजचं खाणं विचारलं. केवळरामनं घरचं सांगितलं, आणि थोडं कौतुकानं हॉटेलचंही. मॅडमनी पेन खाली ठेवला.

"अहो, त्या एका खोक्यात हिच्या दिवसभराच्या वाट्याहून जास्त मीठ असतं. पावात, सॉसमध्येसुद्धा."

"पण तिथं मुलांसाठी लिवलं होतं, मॅडम."

मॅडमनी कागदावर 'बाहेरचं खाणं पूर्ण बंद' लिहून दिलं.

पुढच्या पावसाळ्यात समीक्षाच्या पोटात संसर्ग झाला आणि चौथ्या दिवशी ती गेली. "हे इन्फेक्शननं झालं, त्या खाण्यानं नाही," डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. केवळरामनं मान हलवली, पण ते त्याच्या मनाला पटलं नाही.

समीक्षाच्या नावानं पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना होऊन पाहुणे गेले. नंदाबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं.

"महिन्यातून एक डाव?" तिनं वर न बघता विचारलं.

"हो."

"हासे का खाताना?"

"हासे."

तिचे हात थांबले. "माह्यापाशी रोज चिमूटभर मीठ मांगे. रडे. म्या तिचा हात धरून ठेवो. एक डावही नाही देल्लं."

केवळराम तिच्याजवळ सरकला. ती उठून आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. आतून हुंदके ऐकू येऊ लागले. दार ढकलायची हिंमत त्याला झाली नाही.