मुद्देमाल खोलीतला रजेचा अर्ज

नोकरीत शेकडो गुन्ह्यांचा तपास केला आणि त्यातले बहुतेक विसरलोही. ही एक चोरी मात्र आजही आठवते, आणि आठवली की माझाच मला संताप येतो. चोरीला गेलं होतं काय, तर एक फाईल.

तेव्हा मी जळगावच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. हद्दीत चटयांचे कारखाने बरेच. त्यातल्या एकाचे व्यवस्थापक सकाळी सकाळी फिर्याद द्यायला आले. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ऑफिसचं कपाट कोणीतरी उघडलं होतं. पैशाला हात लावलेला नव्हता. गेली होती ती एका कामगाराची फाईल, आणि तो कामगार महिन्यापूर्वीच छाटणीत निघालेला. "साहेब, त्यानेच नेली, दुसरं कोण नेणार?" व्यवस्थापक म्हणाले. मला घाई लावणारे फिर्यादी कधीच आवडले नाहीत, पण संशयित आयता मिळाला होता.

आमच्या खबऱ्याची कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. त्यानेही तेच नाव दिलं. छाटणी झालेला तो माणूस दोन दिवसांपूर्वी टपरीवर बसून ढसाढसा रडला होता, म्हणे. सोबत पाळीचे सुपरवायझर आबा होते आणि तेही डोळे पुसत होते. मी त्यातला पहिला भाग डायरीत लिहिला. दुसरा सोडून दिला.

त्या कामगाराला ठाण्यात आणलं. कारखान्यात त्याला सगळे भाऊ म्हणत. पहूरकडचा, पन्नाशीचा, हडकुळा माणूस. खांद्याला कापडी पिशवी. मी अजून नीट बसलोही नव्हतो, तोच म्हणाला, "मीच नेली सायेब. लिहून घ्या."

आता बघा, खरा चोर पहिल्या प्रश्नाला कबूल होत नाही. निदान चहा तरी येऊ देतो. मी विचारलं, "कुलूप कशाने तोडलं?"

"पहारीनं."

कुलूप तुटलेलंच नव्हतं. कपाट किल्लीने उघडलेलं होतं. कपाटाचा रंग विचारला, तर म्हणाला हिरवा. ते करडं होतं. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, जे आम्ही करतो ते सगळं केलं. त्याने पिशवी तेवढी छातीशी धरली.

पिशवीत काय आहे ते बघितलं. पगाराच्या स्लिपा निघाल्या. महिन्याच्या क्रमाने लावलेल्या, वर दोरा बांधलेला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. माझ्या स्वतःच्या स्लिपेवरही मी फक्त शेवटचा आकडा बघायचो. ठाण्याची पगारबिलं पाहणाऱ्या महिला हवालदारांना हाक मारली. त्यांनी पाच मिनिटं स्लिपा चाळल्या आणि म्हणाल्या, "सर, हा माणूस दोनदा नोकरीला लागलाय."

म्हणजे काय ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं. जुन्या स्लिपांवर रुजू झाल्याची तारीख तेवीस वर्षांपूर्वीची. मग सात महिन्यांचा खंड. त्यानंतरच्या स्लिपेवर कामगार क्रमांक नवा आणि रुजू तारीखही नवी.

"हे सात महिने कुठे होतास रे?"

"बायकोची किडनी गेली होती. तिच्यापाशी होतो. रजेचा अर्ज देल होता, सायेब. आबानं त्यावर शेरा मारला होता, मंजूर म्हणून." स्लिपांना परत दोरा बांधत म्हणाला, "ती वाचली नाही."

अर्ज देताना ऑफिसच्या सांगण्यावरून आबांनी त्याची एका कोऱ्या कागदावरही सही घेतली होती. आबा वडीलधारे, त्यांनीच याला कामाला लावलेलं. कागद कोरा का, असं त्यांना विचारणं म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. आपल्याकडे ते कोणी करत नाही. त्या कोऱ्या कागदावर पुढे राजीनामा टाईप झाला, ग्रॅच्युइटीसकट सगळा हिशोब मिळाला या ओळीसह. भाऊ परत आला तो कागदोपत्री नवा कामगार म्हणून. यंत्र तेच, पगार तोच, म्हणून त्याला पत्ताच लागला नाही. दर महिन्याला स्लिप हातात पडत होती, तारीख तिच्यावर छापलेली होती, आणि दोन वर्षं त्याने ती वाचली नाही.

छाटणीचा नियम असा, की शेवटी आलेला आधी जातो. तेवीस वर्षांचा माणूस यादीत पहिला निघाला. भरपाई दोनच वर्षांची, आणि पाच वर्षं भरली नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी शून्य. कामगार कार्यालयात त्याने तक्रार केली, तर तिथे राजीनामा दाखवण्यात आला. तो रजेवर होता हे सिद्ध करणारा एकच कागद होता, आबांचा शेरा असलेला अर्ज. तो त्या फाईलमध्ये होता.

मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो. मी धुळ्याकडचा. रागावलो किंवा गहिवरलो की गावची बोली तोंडात येते. "भाऊ, जे शे ते बठ्ठं, सगळं सांग. कोणाला वाचवतोस?"

तो रडायला लागला. "आबाच्या नोकरीची दोन वर्षं राह्यली, सायेब. मी तं असाही घरीच बसेल आहे."

कपाटाची दुसरी किल्ली आबांकडे होती. नशिराबादला त्यांच्या घरी गेलो. आमची गाडी बघताच त्यांनी कोठीतून फाईल काढून माझ्या हातात दिली. "ऑफिसवाले अर्ज फाडणार होते. माह्या हातानं त्याची नोकरी गेली होती साहेब, म्हणून माह्याच हातानं हे आणलं. आठ दिवसांनी कामगार कार्यालयात त्याची तारीख आहे. तिथं द्यायचं होतं."

पंचनामा केला, फाईल जप्त केली, आबांना अटक केली. भाऊला सोडलं. दोन दिवसांत गुन्हा उघड! वरिष्ठांनी शाबासकी दिली आणि मी ती घेतली. आबांना कारखान्याने काढून टाकलं. खटल्याचा निकाल लागायच्या आत ते गेले.

फाईल सील होऊन मुद्देमाल खोलीत पडली. तारखेच्या आदल्या दिवशी भाऊ ठाण्यात आला. मी बंदोबस्ताच्या गडबडीत, गाडीत बसत होतो.

"सायेब, तो अर्ज भेटंल का? उद्या दाखवा लागतो."

"मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही," मी म्हणालो.

"बरं सायेब," म्हणून तो गेला. पुढे कोणीतरी सांगितलं, की पुरावा नाही म्हणून त्याने दोन वर्षांच्या रकमेवर सही केली आणि प्रकरण मिटलं.

निवृत्तीच्या वेळी माझ्या सेवापुस्तकातही आजारपणातले चार महिने खंड म्हणून लागलेले निघाले. जुन्या रजा मंजुरीची नक्कल मिळवून मी आठवड्यात दुरुस्ती करून घेतली. घरी आलो, पण जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहूरची बस पकडली.

भाऊ एका गोदामावर राखण करत होता. ओळखलं, खुर्ची पुसून दिली, तब्येत विचारली. मला त्याचा चांगुलपणा सोसवेना. या नोकरीने मला शिकवलं होतं, की माणूस खोटं बोलला की पकडायचा. अर्धं खरं बोलणाऱ्याला पकडायचं कलम नसतं, आणि तो बहुधा खुर्चीत बसलेला असतो, हे मी फार उशिरा शिकलो. मी त्याला सांगितलं, की मूळ कागद मिळत नसला तरी कोर्टात साधा अर्ज केला असता, तर सही-शिक्क्याची नक्कल मिळाली असती. तुझी तेवीस वर्षं तुला परत मिळाली असती.

त्याने माठातलं पाणी आणून माझ्या हातात दिलं. मग माझीच समजूत काढत म्हणाला, "जाऊ द्या, सायेब. तुमाले तवा मालूम असतं, तं तुमी सांगलंच असतं."

मला तेव्हा माहीत होतं.