पाण्याखालचा कडुनिंब

मुलांनो, नाना गेल्याचा फोन भडगावहून आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी पूजेची फुलं तोडत होते. नाना माझे थोरले भाऊ, तुमच्या बाबांचे मामा. त्याला आता महिना होईल. तुम्ही त्यांना एकदाच पाहिलंत, म्हणून त्यांची ही हकिगत तुमच्यासाठी लिहून ठेवते.

नाना विहिरींवरचे पंप दुरुस्त करत. त्यांचं जुनं गाव धरणात गेलं. त्याच्या थोडं आधी त्यांची तान्ही मुलगी तापाने गेली होती, एकुलती एक. दात न आलेल्या लेकराला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. तिला शेताच्या बांधावर कडुनिंबाखाली ठेवलं. पुढे पाणी येणार म्हणून साऱ्या गावाने झाडं तोडून लाकूड विकलं. वहिनी तेव्हा माहेरी होत्या. परत आल्या तर शिवारभर पाणी... नाना म्हणाले, आपला निंब मी तोडू दिला नाही. पण नव्या घराच्या दाराची चौकट निंबाचीच होती. ती बाजारातून आणली, असं नाना सांगत. वहिनींना ते कधी पटलं नाही. भांडल्या नाहीत, मात्र नवऱ्याशी कामापुरतंच बोलायच्या, आणि त्यातच त्यांचे केस पांढरे झाले.

नव्वदच्या दशकाअखेरीला नानांनी तुमच्या बाबांकडे अमेरिकेहून एक वस्तू मागितली. होडीवर बसवायचं, पाण्यातले मासे आणि तळ दाखवणारं यंत्र, जीपीएससकट. बाबा फोनवर हसत सुटले. माळकरी मामाला मासे कशाला? वहिनी म्हणाल्या, म्हातारपणी माळ काढायची असेल.

सुका म्हणून एक मासेमार होता, त्याच्या होडीवर नानांनी ते बसवलं. मागच्या फळीला, पाण्यात बुडेल अशी आवाज सोडणारी वाटी. पुढे पडदा, आणि वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीची. वाटी आधी तिरकी बसली, पडद्यावर नुसता पाऊस दिसे. नानांनी ती पुन्हा पुन्हा काढून सरळ केली. मग कित्येक दिवस ते एकटे सुकाबरोबर जात. मी भडगावला गेले होते तेव्हा एके दिवशी दुपारी त्यांनी मला आणि वहिनींना होडीत बसवलं.

सपाट तळ सरकत होता. एकाएकी त्यातून एक उभी रेघ वर आली, तिला फांद्या फुटल्या आणि फांद्यांत बारीक कमानी दिसू लागल्या. सुका म्हणाला, त्या कमानी म्हणजे मासे. निंब पाण्याखाली उभाच होता.

वहिनींनी पडद्यावर तळहात ठेवला. "मासा नही शे ते," त्या हळूच म्हणाल्या, "पाखरू शे."

नानांनी ती जागा यंत्रात नोंदवली. त्यानंतर दर अमावास्येला दोघं जोडीने जात. परत येताना गप्पा मारत येतात, असं सुका सांगे.

नानांचे दिवस झाल्यावर वहिनी सुकाला म्हणाल्या, मला तिथे ने. सुकाने खुणेवर होडी उभी केली. पडद्यावर तळ सपाट होता. आम्ही फिरून फिरून पाहिलं. रेघ नाही, फांदी नाही, एक मासासुद्धा नाही. ते यंत्र शंभरेक पावलं चुकतं, हे मला माहीत होतं. इतकी वर्षं पाण्यात कुजलेलं झाड पडूही शकतं. मी तसं म्हणणार, तेवढ्यात वहिनींनी स्वतःच बटण दाबून पडदा बंद केला.

"तिले संगे लई गयात ते," त्या म्हणाल्या. लेकीला नाना बरोबर घेऊन गेले, याचं त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं... काम वेळेवर झाल्यासारखा आवाज होता.

रात्रीची गाडी नव्हती, म्हणून मी तिथेच राहिले. अंथरूण घ्यायला नानांच्या खोलीत गेले. खाट झाडून स्वच्छ केलेली, चादर ताणून घातलेली. नानांच्या उशीला लागून एक एवढीशी उशी होती, तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली देतात तशी, मोहरीची. मी ती हातात घेऊन पाहिली. तिचे टाके नवे होते.